मर्फी हा नुसता मधला माणूस नव्हता

‘संगीत संशयकल्लोळ’चा प्रयोग कुठे लागला, की एक मजकूर पुन्हा फिरायला लागतो. त्याचा सारांश असा : देवलांचं हे नाटक म्हणजे मुळात फ्रेंच नाटककार मोलिएरचं ‘स्गानारेल’. आर्थर मर्फी नावाच्या एका इंग्रजाने त्याचं भाषांतर केलं, ते देवलांच्या हाती लागलं, एवढाच त्या मर्फीचा संबंध. इंग्रजी रंगभूमीवर तेव्हा रडक्या नाटकांचं राज्य होतं आणि प्रेक्षकांना पुन्हा हसवलं ते गोल्डस्मिथ आणि शेरिडन या नाटककारांनी.

हे नाटक मला जिवापाड आवडतं. म्हणून या मजकुराला नीट उत्तर द्यावंसं वाटतं.

आधी त्यातलं खरं ते मान्य करतो. मूर्च्छा आलेली मुलगी, तिला सावरणारा परका गृहस्थ, खिडकीतून ते पाहणारी त्याची बायको, खाली पडलेली तसबीर, आणि ती तसबीर बायकोच्या हातात दिसताच नवऱ्याच्या डोक्यात शिरलेलं भूत. ही सगळी साखळी मोलिएरची, १६६० सालची. त्याबद्दल वादच नाही.

पण भाषांतर? मोलिएरचं नाटक एका अंकाचं आणि पद्यातलं. मर्फीचं ‘ऑल इन द राँग’ पाच अंकांचं, गद्य, १७६१ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात आलेलं. एका अंकाचे पाच झाले ते पाणी घालून नव्हे. मोलिएरच्या पात्रांच्या यादीत त्या बायकोला नावसुद्धा नाही. ‘स्गानारेलची बायको’ एवढीच तिची ओळख. मर्फीने तिची लेडी रेस्टलेस केली आणि तिला नवऱ्याच्या, म्हणजे सर जॉन रेस्टलेसच्या, तोडीस तोड संशय दिला. मोलिएरकडे घोटाळा पेटतो तो मूर्च्छेच्या आणि तसबिरीच्या प्रसंगातून. मर्फीच्या नाटकातल्या घरात संशय आधीपासूनच मुक्कामाला आहे, तसबीर फक्त निमित्त होते. नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवतात, नोकरांची उलटतपासणी घेतात, प्रत्येक साध्या उत्तरातून नवा पुरावा काढतात. स्गानारेलच्या घरात रंगमंचावर एकही नोकर नाही. मग देवलांच्या संशयी फाल्गुनरावांचा नोकर भादव्या मोलिएरकडून कसा येईल? आणि त्यांच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या, संशयाला फाल्गुनरावांच्या संशयाइतकीच जागा मिळते, ती वाट लेडी रेस्टलेसने करून दिलेली आहे.

प्रेमिकांचंही तसंच. मर्फीचा बेव्हर्ली स्वभावानेच संशयी आहे. बेलिंडाशी तो भांडतो, माफी मागतो, दिलजमाई होते आणि लगेच पुन्हा काहीतरी दिसतं. देवलांच्या अश्विनशेठ आणि रेवती या प्रेमिकांचे रुसवेफुगवे आठवून पाहा. रेवतीला नायकिणीची मुलगी करणं मात्र देवलांचं स्वतःचं. त्यामुळे अश्विनशेठच्या संशयाला जी धार आली, ती मर्फीकडे नाही, मोलिएरकडेही नाही. महिन्यांवरून आणि नक्षत्रांवरून नावं ठेवण्याची कल्पनाही देवलांचीच.

स्गानारेलची भीती आहे ती जगात हसं होण्याची. तो चिलखत चढवून सूड घ्यायला निघतो आणि घाबरून मागे फिरतो. ते प्रहसन आहे आणि उत्तम आहे. मर्फीने ते उचलून लंडनच्या खात्यापित्या घरांत नेलं, जिथे लग्न टिकवणं हा रोजचा व्यवहार आहे. इंग्रजीत ज्याला ‘कॉमेडी ऑफ मॅनर्स’ म्हणतात, म्हणजे एका वर्गाच्या रीतीभातींवरची सुखात्मिका, तिच्यात मर्फीचं खरं काम हेच. आधीच्या शतकातली अशी नाटकं बहुधा लग्नाआधीच्या पाठलागावर किंवा लग्नाबाहेरच्या भानगडींवर चालत. मर्फी लग्न झालेल्या जोडप्याच्या दिवाणखान्यात येऊन बसला.

त्याचं ‘द वे टु कीप हिम’ वाचलं की हे आणखी कळतं. त्यातल्या सर बॅशफुल कॉन्स्टंटचं आपल्या बायकोवर मनापासून प्रेम आहे आणि ते लोकांना कळेल या विचारानेच तो गांगरतो, कारण फॅशनेबल समाजात नवऱ्याने बायकोवर प्रेम करणं हास्यास्पद मानतात. ही कल्पनाही उसनी आहे : ला शोसे या फ्रेंच नाटककाराच्या १७३५ च्या नाटकातली. पण ला शोसेचं नाटक डोळ्यांत पाणी आणणारं होतं. मर्फीने त्याच दुखऱ्या जागेवर हसू उभं केलं. याला भाषांतर म्हणणं मला पटत नाही.

भाषांतर आणि मूळ यांतला फरक तो जाणून होता. पत्रकार असताना त्याने एका फ्रेंच नियतकालिकातली पौर्वात्य कथा इंग्रजीत आणून छापली. नंतर कळलं की ती कथा म्हणजे प्रसिद्ध इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सनच्याच इंग्रजी लेखाचं फ्रेंच रूप होतं. मर्फी स्वतः जॉन्सनकडे खुलासा करायला गेला आणि त्यातून दोघांची जन्माची मैत्री झाली.

आता ‘इंग्रज’ या शब्दाबद्दल. मर्फी आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यातला, जन्म १७२७. शिकला तो फ्रान्समधल्या सेंट ओमेरच्या जेझुइट विद्यालयात. फ्रेंच नाटकांची जवळीक तिथली. गोल्डस्मिथ आणि शेरिडन हेही आयरिशच.

राहिला रडक्या नाटकांचा मुद्दा. तो समज पसरायला गोल्डस्मिथचा १७७३ चा निबंध बराच कारणीभूत आहे. त्यात त्याने हसऱ्या आणि भावविवश सुखात्मिकांची तुलना करून हसणं संपत चालल्याची तक्रार केली. पण ‘द वे टु कीप हिम’ १७६० चं, ‘ऑल इन द राँग’ १७६१ चं. गोल्डस्मिथचं ‘शी स्टूप्स टु काँकर’ त्यानंतर बारा वर्षांनी आलं. मर्फीचं ‘नो युअर ओन माइंड’ १७७७ च्या फेब्रुवारीत रंगमंचावर आलं, शेरिडनचं ‘द स्कूल फॉर स्कँडल’ त्याच वर्षी मे महिन्यात. शेरिडन मोठा नाटककार, हे मी आनंदाने म्हणेन. त्याचे संवाद मर्फीला जमले नसते. पण हसणं बंद पडलं होतं आणि मग या दोघांनी ते सुरू केलं, हा हिशेब तारखांशी जुळत नाही.

एक गोष्ट मजकूर लिहिणाऱ्यांनी जरूर जोडावी. १७५४ मध्ये कर्ज फेडण्यासाठी मर्फी नट झाला आणि लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात पहिल्यांदा उभा राहिला तो शेक्सपिअरचा ऑथेल्लो म्हणून. संशयाने बायकोचा जीव घेणारा नवरा त्याने आधी अंगावर घेतला, आणि सात वर्षांनी सर जॉन रेस्टलेस लिहिला. आपल्याकडे देवलांनी आधी ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ केला. फाल्गुनराव त्यानंतर आला.