चाळिशीनंतर तबला शिकायला जरूर जा

'चाळिशी ओलांडल्यावर गाण्या-वाजवण्याचा क्लास लावणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं,' असा एक मेसेज व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतो. कारणं पाच दिलेली असतात: मेंदू आता नवं घेत नाही, कान लहानपणीच तयार होतो, बोटं वळत नाहीत, यूट्यूबवर सगळं फुकट आहे, आणि स्टेजवर जायचंच नसेल तर शिकून करायचं काय. मी मोठ्या माणसांना तबला शिकवतो. असं काहीबाही वाचून चौकशीला आलेली माणसं दारातूनच परत जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

मेंदूपासून सुरुवात करू. जर्मनीतल्या संशोधकांनी साठीच्या आसपासच्या लोकांना तीन चेंडू हवेत खेळवायला शिकवलं. तीन महिन्यांनी त्यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये काही भागांत वाढ दिसली. हा अभ्यास 2008 चा. तरुणांइतकी सफाई त्यांच्या हातात आली नाही, पण शिकणं थांबलेलं नव्हतं. 2014 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमधला असाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 60 ते 90 वयाची माणसं आठवड्याला सुमारे 15 तास फोटोग्राफी किंवा गोधडीकाम शिकत होती. तीन महिन्यांत त्यांची स्मरणशक्ती सुधारली. नुसत्या गप्पा आणि सहलींत रमलेल्या गटाची तेवढी सुधारली नाही.

कानाच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे. कुठल्याही आधाराशिवाय ऐकलेला सूर नेमका ओळखणं बहुधा लहानपणी संगीत शिकलेल्यांनाच जमतं. पण आपल्या संगीतात त्यावाचून काही अडत नाही. आपला सा एका जागी बांधलेला नाही. पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर कुणाचा काळी एक, तर कुणाचा काळी चार. तंबोरा लागला की बाकीचे सूर त्या सा च्या नात्यानेच ओळखायचे, आणि ते नातं मोठेपणी नक्की ऐकू येऊ लागतं. गजऱ्यावर, म्हणजे तबल्याच्या तोंडाभोवतीच्या चामडी वेणीवर, हातोडी ठोकत तबला सुरात लावताना, 'अजून थोडा चढा हवा' हे माझे विद्यार्थी न विचारता सांगू लागतात.

आता बोटं. सातव्या वर्षापासून रोज तासन्‌तास रियाझ केलेल्या हाताचा वेग पंचेचाळिसाव्या वर्षी सुरू करणाऱ्याला मिळणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगतो. पण सुरुवातीला अडतं ते वयामुळे नाही. 'ना' हा बोल वाजवताना अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला हलकी टेकवायची आणि तर्जनीने चाटीवर, म्हणजे काठाच्या पट्टीवर, आघात करायचा. नवखा माणूस अनामिका दाबून धरतो, मग नाद घुसमटतो आणि नुसतं टक्‌ ऐकू येतं. अनामिका सैल सोडली की त्याच हातातून खणखणीत 'ना' निघतो. पन्नाशीच्या माणसाला कारण सांगितलं की तो ते लवकर पकडतो.

यूट्यूबवर उत्तम धडे आहेत, जरूर बघा. पण तुमचा खांदा आखडलाय, दुगुनीत, म्हणजे दुप्पट वेगात, लय पळतेय, हे व्हिडिओ तुम्हाला सांगत नाही. त्यासाठी समोर माणूस लागतो.

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण तो बायकांना अधिक विचारला जातो. घरातल्या मुलाला फुटबॉलला पाठवताना तो देशाकडून खेळेल का, हे कुणी विचारत नाही. मग त्याच्या आईने आठवड्यातला एक तास स्वतःसाठी काढला, तर त्या तासाचा हिशेब का मागायचा? आणि मिळतं ते थोडंथोडकं नसतं. विलंबित, म्हणजे संथ, एकतालाला मात्रा बाराच, पण अतिविलंबित लयीत एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, मिनिटभरही चालू शकतं. ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, कळत नसेल तर गायक समेवर, म्हणजे फेऱ्याच्या पहिल्या मात्रेवर, आल्यावर बाकीच्यांनी माना डोलावल्या की आपण डोलवायची. ठेका हातात बसला की तीच मैफल वेगळी ऐकू येते: गायक कुठे रेंगाळतोय, समेकडे नेणारं गाण्याचं तोंड कुठून उचलणार, सम किती जवळ आली, सगळं आपल्यालाही जाणवत असतं. भजनी मंडळात केरवा ताल धरणाऱ्याला, घरी नातवाच्या गाण्याला साथ करणाऱ्याला स्टेज लागतंच कशाला?

तेव्हा चौकशी करून परत गेलेल्यांनी पुन्हा या. तबला-डग्ग्याची जोडी लगेच विकत घेऊ नका. आधी क्लासमधल्या जोडीवर हात बसू दे, मग शिकवणाऱ्याला सोबत घेऊन दुकानात जा.