स्टँड कुठाय?

मुंबईत रोड बाइक चालवायची तर मांड्यांत जोर थोडा कमी असला तरी भागतं, उत्तरं मात्र तोंडपाठ लागतात. या शहरात कुणाला कुणाकडे बघायला वेळ नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा वाकड्या हँडलची सायकल घेऊन सिग्नलला उभं राहून बघावं. रविवारी पहाटे साडेपाचला रस्ता मोकळा असतो. पण दूधवाले, पेपरवाले, पाववाले, रात्रपाळीहून परतणारे रिक्षावाले आणि फिरायला निघालेले निवृत्त लोक जागेच असतात, आणि त्या प्रत्येकाला माझ्या सायकलीबद्दल एक तरी शंका असते.

पहिली शंका किमतीची. तिचं खरं उत्तर मी कुणालाच देत नाही. आईला एक आकडा सांगितलाय, बायकोला दुसरा, ऑफिसात तिसरा. कुठला कुणाला, हे लक्षात ठेवण्यात जी शक्ती जाते ती पेडर रोडच्या चढावर कामी आली असती. साधी अ‍ॅल्युमिनियमची रोड बाइक घ्यायची म्हटली तरी एखादी जुनी स्कूटर येईल एवढे पैसे जातात. कार्बनच्या वाटेला गेलात तर नवी मोटरसायकल. त्यामुळे आकडा कितीही खाली आणून सांगितला तरी समोरच्याचं वाक्य ठरलेलं असतं : "एवढ्यात स्प्लेंडर आली असती." आमच्या वॉचमनला मी निम्मी किंमत सांगितली होती. तो बराच वेळ सायकलीभोवती फिरला आणि म्हणाला, "साब, इसमें तो कुछ है ही नहीं."

त्याचं म्हणणं बिनतोड होतं. रोड बाइकला स्टँड नसतो, मडगार्ड नसतं, कॅरिअर नसतं, चेनकव्हर नसतं, पुढे बास्केट तर नसतेच नसते. सायकलीतून एकेक वस्तू कमी होत जाते तशी तिची किंमत वाढत जाते, हे अर्थशास्त्र वॉचमनला पटवणं माझ्या आवाक्यातलं नाही. वजन कमी राहावं म्हणून हे सगळं, असं मी सांगतो. या वजनाच्या वेडाला आवर घालावा म्हणून सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2000 सालापासून नियमच केला की शर्यतीतली सायकल 6.8 किलोपेक्षा हलकी असता कामा नये. माझी साडेनऊ किलोची आहे, त्यामुळे महासंघाला माझ्यापासून धोका नाही. पण आमच्या ग्रुपमध्ये टायटॅनियमचे स्क्रू आणि कार्बनचा बाटलीचा पिंजरा लावून ग्रॅम ग्रॅम वाचवणारे लोक आहेत. हे मी कौतुकानं दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि त्या पिंजऱ्यात बाटली भरून ठेवता का रिकामी?" पाऊण लिटरची बाटली म्हणजे पाऊण किलो पाणी, आणि अशा दोन. काकूंनी बँकेत तीस वर्षं काढली आहेत, हिशेबात त्यांच्या नादी लागू नये.

स्टँड नसल्यामुळे सायकल कायम कशाला तरी टेकून ठेवावी लागते, आणि आमच्या सोसायटीला टेकलेलं काहीही चालत नाही. मी ती घरात ठेवतो. म्हणजे लिफ्ट आली. लिफ्टमध्ये सायकल मागच्या चाकावर उभी करून न्यावी लागते. पुढचं चाक माझ्या हनुवटीखाली, पेडल पोटरीत, आणि उरलेल्या जागेत शक्यतो कुणी येऊ नये अशी प्रार्थना. एकदा त्या उरलेल्या जागेत सेक्रेटरी आले. पुढच्या मीटिंगमध्ये विषय निघाला : सायकल हे वाहन की सामान? वाहन असेल तर ते लिफ्टमध्ये येऊ शकत नाही, खाली पार्किंगमध्ये स्टिकर लावून राहील. सामान असेल तर सामान चढवायची वेळ दुपारी अकरा ते चार. मी म्हटलं, वाहनच धरा. मग आरसी बुकची झेरॉक्स द्या, सेक्रेटरी म्हणाले. सायकलला आरसी बुक नसतं, असं मी सांगितल्यावर एका आजोबांनी पूर्वी नगरपालिका सायकलींना पितळी बिल्ला द्यायची त्याची आठवण काढली, मग बिल्ला नसताना पकडल्याची आठवण निघाली, मग बिनदिव्याच्या सायकलीवर डबलसीट जाताना हवालदाराला बघून उडी मारल्याची. मीटिंग फार छान झाली. निर्णय पुढच्या मीटिंगवर गेला, तो अजून तिथेच आहे, आणि मी लिफ्ट वापरतो.

कपड्यांचं विचारूच नका, लोक विचारतातच. सायकलिंगची चड्डी आईनं पहिल्यांदा वाळत घातली तेव्हा ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "चड्डीला गादी आणि सीटला नाही?" मी तिला बसण्याच्या हाडांविषयी सांगायला गेलो. सीट मऊ असली की शरीर तिच्यात रुततं, नको तिथं दाब येतो आणि मांड्या घासतात. म्हणून सीट कडक आणि निमुळती, आणि गादी अंगाबरोबर हलणारी. हे सगळं खरं आहे. पण गॅलरीत, समोरच्या बिल्डिंगमधले तिघं चहा पीत बघत असताना, ते खरं वाटत नाही.

आमची नेहमीची राइड पार्ल्याहून हायवेनं कलानगर, तिथून माहीम, शिवाजी पार्क, वरळी सी फेस, हाजी अली, पेडर रोड आणि मरीन ड्राइव्हनं थेट नरिमन पॉइंटचं एनसीपीए नाट्यगृह. "तिकडे काय काम असतं?" हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारलाय की आता मलाही पडायला लागलाय. काम नसतं. आम्ही एनसीपीएला पोचतो, समुद्राकडे तोंड करून एकमेकांच्या सायकलींचे फोटो काढतो आणि परत फिरतो. "रविवारी तर ऑफिसंही बंद असतात तिकडची," असं आई काळजीनं सांगते.

"सी लिंकवरून जाता ना?" हा त्यातला उपप्रश्न. नाही जात. 2009 साली सी लिंक झाला, त्यावर सायकल चालत नाही. 2013 साली ईस्टर्न फ्रीवे झाला, त्यावर चालत नाही. 2024 साली अटल सेतू आणि कोस्टल रोड दोन्ही खुले झाले, दोन्हींवर चालत नाही. मुंबईत जिथं जिथं गुळगुळीत डांबर आणि समुद्राचा वारा एकत्र येतात, तिथं तिथं सुरुवातीलाच सायकलीवर लाल फुली मारलेली पाटी असते. आमच्या वाट्याला पेव्हर ब्लॉक. दोन ब्लॉकमधली फट आणि माझ्या टायरची रुंदी यांचं कुणीतरी मापं घेऊन जमवलं असावं असा मला दाट संशय आहे. गटाराच्या जाळ्या तर काही ठिकाणी रस्त्याच्या दिशेनंच बसवलेल्या असतात, चाक सरळ आत.

त्यामुळे पंक्चर होतं, आणि पंक्चरवाला हा एक वेगळाच अध्याय आहे. रोड बाइकच्या ट्यूबला प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. लांब, काडीसारखा बारीक, वरची टिकली सैल केल्याशिवाय हवा न घेणारा. आपल्याकडच्या कॉम्प्रेसरचं तोंड मोटरसायकल आणि गाड्यांच्या व्हॉल्व्हचं. माहीमच्या पंक्चरवाल्यानं तो व्हॉल्व्ह दोन बोटांत धरून, वैद्यानं नाडी बघावी तसा बघितला आणि जाहीर केलं, "ये तो टूटा हुआ है." मी खिशातून पितळी अडॅप्टर काढला. नखाएवढी ती वस्तू, पण तिच्याशिवाय हायवे ओलांडू नये. मग त्यानं हवा किती विचारलं. ऐंशी, मी म्हटलं. त्यानं नळी खाली ठेवली. "सेठ, कार में बत्तीस डालते हैं." बारीक टायरला जास्त दाब लागतो, असं मी सांगितलं. "इतना तो ट्रक में जाता है," तो म्हणाला आणि चार पावलं मागे सरून, चेहरा वळवून, हात लांब करून त्यानं हवा भरली. आजूबाजूच्या दोघांनी कानांवर हात ठेवले होते. टायर फुटला नाही याचं त्या तिघांना झालेलं दुःख मला स्पष्ट दिसलं.

शिवाजी पार्कला प्रश्नांची जात बदलते. तिथं काळजी असते. याला कारण पेडल. बुटाच्या तळाला पट्टी असते, ती पेडलमध्ये खटकन अडकते आणि टाच बाहेर फिरवल्यावर सुटते. स्कीइंगच्या बुटांवरून सुचलेली ही युक्ती. 1985 साली बर्नार इनॉनं असली पेडल्स लावून टूर द फ्रान्स जिंकली. इनॉला वाटेत शिवाजी पार्कचा सिग्नल नव्हता. नवशिक्या सायकलस्वार सिग्नलला थांबतो, टाच फिरवायची विसरतो, आणि थांबलेल्या सायकलीवरून, अजिबात घाई न करता, आडवा होतो. बघणाऱ्याला यात अपघात दिसतच नाही, भोवळ दिसते. आमच्या ग्रुपमधला एक जण असा पडला तेव्हा फिरायला आलेल्या आजोबांनी "शुगर लो झालीय!" असं ओरडून त्याच्या तोंडात पेपरमिंट कोंबलं. दुसऱ्यांनी बूट हुंगायला द्यायचं सुचवलं. बूट मात्र सायकलीला अडकलेला होता.

थोडे पुढे गेलेले लोक बीआरएम करतात, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर पुरं करायची राइड. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, सहाशे चाळीस तासांत. तीही घरी समजावणं कठीण. "कितवा आलास?" नंबर नसतात. "मग बक्षीस?" मेडल असतं, हवं तर वेगळे पैसे भरून घ्यायचं. या उत्तरानंतर माझ्या मित्राच्या सासऱ्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला तो धरलाच. नाशिकच्या महाजन डॉक्टरबंधूंनी 2015 साली दोघांच्या संघात अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत पूर्ण केली, हा दाखला मित्रानं दिला. "ते डॉक्टर आहेत," पेपरामागून आवाज आला.

कुणीच काही विचारत नाही अशी एकच जागा मला ठाऊक आहे : मार्वेहून मनोरीला जाणारी बोट. तिथं आधीच मोटरसायकली, माशांच्या टोपल्या आणि शाळेची पोरं दाटीवाटीनं उभी असतात. सायकल चढवा, गप्प उभे राहा, पलीकडे उतरा. मग गोराई, उत्तन, दोन्ही बाजूंना वाळत घातलेले बोंबील. तिथून परतायला मन होत नाही, त्याचं कारण निसर्ग आहे असं मी सगळ्यांना सांगतो.

घरी आईचा प्रश्न शिल्लक असतो. "पन्नास किलोमीटर फिरून आलास, येताना एक कोथिंबिरीची जुडी आणायला काय झालं होतं?" कॅरिअर नाही, बास्केट नाही, हे सांगून काही महिने निभावलं. मग जर्सी धुताना तिला पाठीवर तीन खिसे सापडले. तेव्हापासून परतीच्या वाटेवर दादरचं मार्केट आलं. तिथल्या बाईनं पहिल्याच दिवशी "पिशवी?" म्हणून विचारलं, 2018 पासून प्लास्टिकची ती देत नाही आणि माझ्याकडे कापडाची नव्हती. मी पाठ केली आणि मधल्या खिशाकडे बोट दाखवलं. तिनं जुडी खोचून दिली, बाजूला दोन लिंबं आणि थोडं आलं.

कलानगरच्या सिग्नलला मागून एक टोळी आली. सगळे सडपातळ, सगळं कार्बन, पांढरे बूट, पेडलमध्ये किती वॉट जोर लागतो ते दाखवणारी यंत्रं. त्यांच्यातला एक माझ्याशेजारी थांबला आणि माझ्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिला.

"दादा, मागून मेथी पडतेय."

"कोथिंबीर आहे."

"अच्छा." त्यानं हेल्मेट नीट केलं. "पण वाऱ्याला अडत असेल ना ती?"

"मुळं तिथंच तोडून घेतलीत," मी म्हटलं. "पन्नास-साठ ग्रॅम तरी वाचले असतील."

त्यानं गंभीरपणे मान हलवली आणि मागच्या मित्राला हळूच काहीतरी सांगितलं. मित्र वाकून माझी सीटची उंची बघायला लागला.