आधी गेम ठरवा, टीव्हीचा करार नंतर

२०१२ साली एमएससाठी टेक्सस ए अँड एमला आलो तेव्हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून खेळतात तो, एवढंच मला माहीत. पहिली होम गेम फ्लोरिडाबरोबर, कॉलेज नुकतंच एसईसी कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात, गेलेलं, आणि स्टुडंट सेक्शनमध्ये बसायचं नसतंच, पूर्ण गेम उभं राहायचं. मधेच सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून डुलायला लागले आणि गाण्यात ऑस्टिनच्या टेक्सस युनिव्हर्सिटीला गुडबाय! मी शेजारच्या पोराला विचारलं, अरे समोर फ्लोरिडा आहे ना? तो म्हणाला, ते कायम असतं. आणि खरंच कायम होतं, २०१२ ते २०२३, बारा सीझन ए अँड एम आणि टेक्ससची एकही गेम झाली नाही तरी दर शनिवारी पोरं ज्या टीमविरुद्ध गात होती ती त्यांच्यातल्या बहुतेकांनी समोर कधी पाहिलीच नव्हती.

ही गेम १८९४ पासूनची, २०११ पर्यंत ११८ वेळा झालेली, बरीच वर्षं थँक्सगिव्हिंगला. मग बंद का पडली? सरळ कारण सांगतो, टीव्ही. २०११ मध्ये ऑस्टिनवाल्यांनी, म्हणजे टेक्ससने, ईएसपीएन या स्पोर्ट्स चॅनलबरोबर स्वतःचं चॅनल काढलं, वीस वर्षांचे तीस कोटी डॉलर, आणि एकाच कॉन्फरन्समधल्या एका टीमला एवढं मिळतंय म्हटल्यावर बाकीच्यांचा विश्वास उडाला. ए अँड एम एसईसीत गेलं, मिसूरीही गेलं, आणि मिसूरीची कॅन्ससबरोबरची जुनी गेमही त्याच फेऱ्यात थांबली. २०११ ची आमची शेवटची गेम टेक्ससने शेवटच्या सेकंदाला फील्ड गोल (बॉलला किक मारून मिळवलेले तीन पॉइंट) मारून २७-२५ जिंकली, म्हणजे इकडच्या लोकांनी ती जखम तेरा वर्षं सांभाळली.

रायव्हलरी म्हणजे नुसतं भांडण असं ज्यांना वाटतं त्यांनी १९९९ आठवावं. या गेमच्या आधी ए अँड एमची पोरं लाकडाचे ओंडके रचून प्रचंड बॉनफायर, म्हणजे शेकोटी, करायची. १८ नोव्हेंबरच्या पहाटे तो रचलेला ढीग कोसळला, १२ जण गेले, २७ जखमी. ऑस्टिनमध्ये आमच्याविरुद्ध होणारी रॅली त्यांनी रद्द करून शोकसभा घेतली, आणि आठवड्याभराने गेमच्या दिवशी त्यांच्या बँडने मैदानात टोप्या काढून उभं राहून मान दिला. एरवी आम्ही ज्यांना टी-सिप म्हणून हिणवतो ती ही माणसं. असं नातं कुठल्याही करारात लिहून येत नाही, म्हणून मला राग येतो जेव्हा कुणी म्हणतं की टीमा बदलल्या तरी लोक बघतातच.

नाही बघत तसे. २०२३ ची मिशिगन-ओहायो स्टेट जवळपास १.९ कोटी लोकांनी पाहिली, २००६ मध्ये दोघं एक आणि दोन नंबरला होते तेव्हा दोन कोटींच्या वर. ती गेम १८९७ पासूनची आहे, फॉक्स चॅनलने तयार केलेली नाही, फॉक्सला ती आयती मिळाली. मग जे आपोआप चालतं तेच मोडून लॉस एंजेलिसच्या पोरांना न्यू जर्सीला पाठवायचं, कॅलिफोर्नियाच्या दोन कॉलेजांना अटलांटिक कोस्ट नावाच्या कॉन्फरन्समध्ये घालायचं, हे कुणाच्या भल्याचं? वर किकऑफची, म्हणजे गेम सुरू व्हायची, वेळ बऱ्याचदा बारा दिवस आधी कळते, कधी कधी सहाच, चार तास गाडी चालवून येणाऱ्या कुटुंबाने हॉटेल कधी बुक करायचं?

२०२४ ला टेक्सस एसईसीत आलं आणि आमची गेम परत आली. ३० नोव्हेंबर, संध्याकाळी साडेसहा, म्हणजे भारतात रविवारी सकाळचे सहा, आईने नाशिकहून फोन केला तर मागच्या आवाजात तिला माझं बोलणंच ऐकू येईना. हरलो, १७-७, आमचा एकमेव टचडाउनही डिफेन्सने बॉल पकडून ९३ यार्ड पळत आणलेला. मागच्या वर्षी तोवर एकही गेम न हरता ऑस्टिनला गेलो आणि २७-१७ ने हरलो. प्लेऑफमध्ये, म्हणजे चॅम्पियन ठरवणाऱ्या बाद फेरीत, तरीही गेलो, आता बारा टीमा असतात ना, पण त्या रात्री आमच्या हॉलमध्ये कुणीच जेवलं नाही. प्लेऑफ मोठा झाला की रायव्हलरीची किंमत जाते म्हणणाऱ्यांनी तेव्हा आमच्याकडे यायला हवं होतं.

२०२६ पासून एसईसीत नऊ कॉन्फरन्स गेम्स आणि प्रत्येकाला तीन कायमचे प्रतिस्पर्धी, टेक्ससला ओक्लाहोमा, आर्कान्सा आणि आम्ही. हे मला मनापासून पटलं. माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक कॉन्फरन्सने आधी या गेम्स लिहून काढाव्यात, मग चॅनलवाल्यांशी बोलायला बसावं, आणि कुणी कॉन्फरन्स सोडली तरी शेजारच्या टीमशी दरवर्षीची गेम सोडता येणार नाही असं लिहून घ्यावं. बारा गेम्समधली एक बाजूला काढणं एवढं अवघड नाही.

कारण आमचं परत मिळालं ते नशिबाने, दोघं योगायोगाने एकाच घरात आले म्हणून. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेटचं तसं झालं नाही. १९१० पासून दरवर्षी होणारी त्यांची गेम, नाव बेडलम, शेवटची ४ नोव्हेंबर २०२३ ला स्टिलवॉटरमध्ये झाली, ओक्लाहोमा स्टेटने २७-२४ जिंकली, आणि मग ओक्लाहोमा एसईसीत गेलं. माझ्या कामावरच्या टीममधला एकजण ओक्लाहोमा स्टेटचा, बायको ओक्लाहोमाची, त्या एका दिवशी घरात दोन रंगांचे शर्ट आणि दोघांचेही आईवडील यायचे. गेल्या दोन वर्षांत ते सगळे त्यासाठी एकदाही जमले नाहीत.