ड्रेन प्लग तिथे बसवलाच कशाला?

बसून चालवायच्या गवतकापणी यंत्राचं ऑइल बदलायचं म्हणजे दर 50 तासांनी तोच वैताग! ड्रेन प्लग, म्हणजे जुनं ऑइल सोडायचा बोल्ट, नेमका चासीच्या कडेवर. तो सुटला की ऑइल भांड्यात कमी आणि चासीवर, डेकवर (पात्यांवरच्या झाकणावर), बेल्टवर जास्त. बेल्टला ऑइल लागलं की तो घसरणारच ना? फिल्टरही आडवा, फिरवला रे फिरवला की ऑइल थेट मनगटावर. दीड-दोन लिटरसाठी एवढी पुसापुशी का करायची?

प्लगच्या जागी पाव फेऱ्यात उघडणारा व्हॉल्व्ह लावा, त्याला नळी जोडा, विषय संपला. आटे मात्र जुळलेच पाहिजेत. अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या कवचात) भलता आटा जोर लावून आवळला, तर भोकच खराब होतं, आणि ते दुखणं ऑइलच्या डागांपेक्षा फार मोठं! आधी इंजिन पाच मिनिटं चालवा. गार ऑइल रेंगाळतं, गाळ तळाशीच राहतो. मग बंद करून स्पार्क प्लगची वायर काढा. फिल्टरखाली दुमडलेला पुठ्ठा धरा. नवं ऑइल डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघत बघतच भरा, जास्त झालं की धूर.

एवढासा व्हॉल्व्ह प्रत्येक यंत्राला कारखान्यातच का बसवत नाहीत?