लाटणाऱ्या बाईचं नाव

एप्रिलमध्ये आईला घेऊन दादाकडे म्युनिकला गेले होते, तिथून आम्ही दोघी ट्रेनने आल्प्स ओलांडून इटलीत उतरलो आणि रोम, व्हेनिस, फ्लॉरेन्स सगळं बाजूला ठेवून चार दिवस फक्त बोलोन्यात राहिलो. कारण तिथे हाताने पास्ता आणि जेलातो (इटालियन आइस्क्रीम) करायला शिकवतात असा एक दिवसभराचा क्लास मी दोघींसाठी बुक केला होता. येऊन तीन आठवडे झाले, फोटो टाकायचेत, टाकेन, पण त्याआधी हे लिहायचंय कारण मनातून जातच नाहीये.

आधी आईबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझी आई 18 वर्षं पुण्यात एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायची. पहाटे पाचला घर सोडायची, रोजच्या 300 पोळ्या, सणासुदीला त्याहून जास्त. पैसे पोळीमागे. मी शाळेत होते तेव्हा 40 पैसे मिळायचे, तिने काम सोडलं तेव्हा सव्वा रुपया. फाटलेली, करपलेली पोळी मोजायची नाही. आजारी पडलं तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. माझं आणि दादाचं शिक्षण त्या पोळ्यांवर झालं आणि तिचं उजवं मनगट अजून थंडीत सुजतं. पण मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतं सांगू का, 18 वर्षांत तिथे तिला कोणी नावाने हाक मारली नाही. "ओ पोळ्यावाल्या, पन्नास वाढवा." बस एवढंच.

तर क्लास. बोलोन्यात जुना बाजार आहे, क्वाद्रिलातेरो म्हणतात, अरुंद गल्ल्या, चीज-भाजी-मासळीची दुकानं, त्याच्या मागच्या एका बोळात वरच्या मजल्यावर मोठं स्वयंपाकघर. आम्ही आठ जण होतो. शिकवणाऱ्या बाई साठीच्या असतील, पांढरा ॲप्रन, केस घट्ट बांधलेले. ओळख करून देताना त्या पहिलं वाक्य बोलल्या ते असं की मी स्फोलिना आहे. दुभाषी मुलीने मग समजावून सांगितलं. अंड्याच्या पास्त्याची जी पातळ मोठी पोळी लाटतात तिला स्फोल्या म्हणतात आणि ती हाताने लाटणारी बाई ती स्फोलिना. तिथे हा पेशा आहे. म्हणजे कोणी विचारलं काय करता, तर डॉक्टर आहे, सुतार आहे म्हणतात तसं स्फोलिना आहे. आईला मराठीत सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे पोळ्यावाली?" मी म्हटलं हो, पण तिथे हे मान वर करून सांगतात.

माप एकदम सोपं. 100 ग्रॅम मैद्यासारखं बारीक पीठ आणि एक अंडं. मीठ नाही, तेल नाही, पाणी नाही. लाकडी फळीवर पिठाचं आळं करायचं, मध्ये अंडी फोडायची, काट्याने फेटत फेटत कडेचं पीठ आत ओढायचं आणि मग तळहाताच्या टाचेने दहा-पंधरा मिनिटं मळायचं. फळी लाकडाचीच हवी हे त्यांनी तीनदा सांगितलं, कारण लाकडाचा खरखरीतपणा पोळीवर उतरतो आणि त्या खरखरीला सॉस धरून बसतो, गुळगुळीत ओट्यावर लाटलं तर सॉस घसरतो. मग गोळा झाकून अर्धा तास ठेवला. दुभाषी मुलगी ग्लुटेन वगैरे समजावत होती तोवर आई मला म्हणाली, "कणीक मुरायला ठेवलीय, त्यात काय सांगायचं." बरोबरच होतं तिचं.

लाटायला घेतल्यावर मात्र आई अडली, आणि हे मला मुद्दाम लिहायचंय कारण लोकांना वाटेल आईने पहिल्या फटक्यात जिंकलं असं मी सांगणार. तसं झालं नाही. त्यांचं लाटणं, मात्तारेल्लो, जवळपास मीटरभर लांब, मध्ये फुगीर नाही, सरळ दांडा. आपल्या पोळपाटावर पोळी लाटण्याखाली आपोआप फिरते, मनगटाचा खेळ असतो. तिथे पोळी स्वतःहून फिरत नाही, ती दांड्याला गुंडाळायची आणि दोन्ही तळवे मधून बाहेर सरकवत नेत ताणायची, पोळीची एक कड टेबलाखाली लोंबती ठेवायची म्हणजे तिच्याच वजनाने ती ताणून धरली जाते. दाबायचं नाही. आईचा हात 18 वर्षं दाबायला शिकलेला. पहिली पोळी मध्ये पातळ, कडेला जाड, एका जागी भोक. आईने काही न बोलता ती गोळा करून बाजूला ठेवली, दुसरा गोळा घेतला आणि पाच मिनिटं नुसती त्या बाईंच्या हाताकडे बघत उभी राहिली. मग लाटली. दुसरी पोळी टेबलाच्या रुंदीएवढी झाली. बाईंनी ती उचलून खिडकीच्या उजेडात धरली, बोलोन्यात म्हणतात की स्फोल्यातून आरपार सान लुका दिसलं पाहिजे, ते डोंगरावरचं चर्च, गावातून बऱ्याच ठिकाणांहून दिसतं. त्या खिडकीतून सान लुका दिसत नव्हतं, समोरच्या घराची हिरवी झडप दिसत होती, ती दिसली. बाईंनी आईकडे बघून मान हलवली आणि पोळी परत फळीवर ठेवली.

त्या पोळीच्या आम्ही तालियातेल्ले कापल्या. जरा सुकू द्यायची, सैल घडी घालायची आणि सुरीने पट्ट्या पाडायच्या. आता हे ऐका. बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये 1972 साली सोन्याची एक तालियातेल्ला ठेवलीय, शिजल्यावर पट्टीची रुंदी किती असावी याचं माप म्हणून. 8 मिलिमीटर. गावातला तो जो 97 मीटरचा उंच असिनेल्ली बुरूज आहे त्याच्या उंचीचा 12,270 वा भाग असा हिशेब त्यांनी लावला. 1982 साली तिथेच त्यांच्या रागूची, म्हणजे मांसाच्या सॉसची, कृती नोंदवून ठेवली. ऐकून आमच्या टेबलावरची काही मंडळी हसली. मला हसू आलं नाही. घरात बायका जे करतात त्याचं माप गावाने सोन्यात घडवून सरकारदरबारी ठेवलं, याचं मला अप्रूप वाटलं. पुरणपोळीत कणकेच्या किती पट पुरण असावं याची अशी नोंद आपण कुठे केलीय?

मग तोर्तेल्लोनी. पोळीचे चौकोन, मध्ये रिकोटा आणि पार्मिजानो ही दोन चीज आणि जायफळ यांचं सारण (जायफळ! आई खूश), त्रिकोणी घडी घालून बोटाभोवती दोन टोकं जुळवायची. हवा आत राहिली तर उकळत्या पाण्यात फुटतात. आईने सवयीने दोन तोर्तेल्लोनींच्या कडांना करंजीसारखी मुरड घातली. सुंदर दिसत होत्या. बाईंनी त्यातली एक उचलली, नीट निरखली आणि सांगितलं की मुरडीत चार पदर होतात, बाकीचं शिजेल पण हा भाग कच्चा राहील, तुमची तळायची वस्तू असणार. आई म्हणाली हो, तळायचीच. दोघी एकमेकींशी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि मी नि ती दुभाषी मुलगी मध्ये उगाच होतो असं वाटलं मला.

शाकाहारी मंडळींसाठी एक सांगून ठेवते. आम्ही अंडं खातो, मांस नाही, ते मेलवर आधीच कळवलं होतं म्हणून आम्हाला रागूऐवजी लोणी आणि सेजच्या पानांचा सॉस दिला. पण खरं पार्मिजानो करताना दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे एक प्रकारचं विरजण, वापरतात, ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधीच विचारा. आणि सुका पास्ता वेगळा, तो कडक ड्युरम गव्हाच्या रव्याचा आणि पाण्याचा, इटलीत 1967 पासून तसा कायदाच आहे. आपला बन्सी गहू त्याच जातकुळीतला. बाजारात एका दुकानात फार्रो लिहिलेलं पाकीट आईने हातात घेतलं, दाणे बघितले आणि म्हणाली, "अगं ही तर आपली खपली." होय, खपलीच.

दुपारी जेलातो. हा भाग शिकवायला एक तरुण मुलगा होता. आम्ही फिओर दि लात्ते केलं, दूध, थोडं क्रीम, साखर, दूध पावडर, त्यात अंडं नाही, व्हॅनिला नाही, काही नाही, म्हणून दूध वाईट असेल तर लपायला जागा नाही असं तो म्हणाला. आइस्क्रीममध्ये मशीन भरपूर हवा भरतं, जेलातो सावकाश घुसळतात म्हणून हवा कमी, क्रीमही कमी, आणि ते देताना आइस्क्रीमइतकं गोठवत नाहीत म्हणून जिभेला चव लगेच कळते. दुकान कसं ओळखायचं तेही सांगितलं. पिस्ता पोपटी दिसला तर निघून जा, खरा पिस्ता मळकट हिरवा असतो. केळं पिवळंजर्द दिसलं तरी तेच. काचेमागे रंगीत डोंगर रचलेले दिसले तरी तेच. धातूच्या डब्यांवर झाकणं असतील तर आत जा. हे ऐकताना मला आमच्या वाड्यातला मे महिन्यातला पॉट आठवत होता, बर्फ, जाडं मीठ, आळीपाळीने हँडल फिरवणारी पोरं आणि आटवलेलं दूध. तो पॉट म्हणजे सावकाश घुसळलेलं जेलातोच की. आणि आज आपल्या दुकानांत अर्ध्या डब्यांवर बारीक अक्षरात फ्रोझन डेझर्ट लिहिलेलं असतं, म्हणजे दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल, आणि आपण ते आइस्क्रीम म्हणून पोरांना देतो. राग येतो मला याचा.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. जेवायला सगळे एकत्र बसलो तेव्हा आईने मला सांगितलं, त्यांना विचार की यांना याचे किती मिळतात. मला संकोच वाटला पण विचारलं. बाईंना अजिबात राग आला नाही. त्या म्हणाल्या की 30 वर्षं एका दुकानात महिन्याच्या पगारावर होते, सुट्ट्या, पेन्शन सगळं, आता क्लास घेते. मग त्यांनी आईला विचारलं तुम्हाला किती मिळायचे. आईने सांगितलं, पोळीमागे. दुभाषी मुलीने दोनदा विचारून घेतलं कारण तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. बाई काही बोलल्या नाहीत, आईचा उजवा हात घेतला आणि मनगट अंगठ्याने दाबून बघितलं. मग स्वतःचं मनगट दाखवलं. तिथेही तशीच गाठ.

क्लासची फी माणशी 75 युरो होती, म्हणजे साडेसात हजार रुपयांच्या आसपास. हॉटेलवर येताना आई म्हणाली, "शेवटच्या भावाने सहा हजार पोळ्या झाल्या गं. वीस दिवसांचं काम." तिचा हिशेब असा तोंडावर असतो. फी जास्त होती असं तिला म्हणायचं नव्हतं. तिचं म्हणणं असं की लाटणं तेच, मळणं तेच, तिथे लोक शिकायला विमानाने येतात आणि पैसे देतात, इथे मला कोणी विचारलं नाही की तुमची पोळी इतकी मऊ कशी राहते.

मला कोणी सांगू नका की इटलीचं वेगळं, ते टुरिझम आहे. टुरिझम आहेच. पण आधी त्यांनी त्या कामाला नाव दिलं, माप दिलं, पगार दिला, मग टुरिस्ट आले. डिसेंबर 2025 मध्ये दिल्लीत लाल किल्ल्यावर युनेस्कोची बैठक झाली, त्यात इटालियन स्वयंपाकाला जगाच्या वारशात घेतलं. त्याच बैठकीत आपल्या दिवाळीलाही घेतलं. किती आनंद झाला सगळ्यांना, मलाही झाला, स्टेटस ठेवले आपण. पण दिवाळीतल्या चकल्या-करंज्या ऑर्डरवर करणाऱ्या बायकांना किलोमागे काय सुटतं हे त्या दिवशी कोणी विचारलं का?

आणि आपल्याकडे हे झालंच नाही असंही नाही. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, ते लिज्जत, तिथे लाटणारी बाई मालकीण असते आणि तिला भगिनी म्हणतात. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून दिलं. ज्या बायका गिरणी कामगारांना दोन वेळ जेवू घालत होत्या त्यांना तोवर कामगार म्हणून कोणी मोजतच नव्हतं. म्हणजे वाट आपल्याच बायांनी पाडून ठेवलीय. मग आज पुण्या-मुंबईत घरोघरी, मेसमध्ये, केंद्रांत लाटणाऱ्या बायांना अजून पोळीमागे का मोजतो आपण? महिन्याचा ठरलेला पगार, आठवड्याची सुट्टी, आजारपणाचे पैसे, एवढंच म्हणतेय मी. तुमच्याकडे येणाऱ्या मावशींचं आडनाव तुम्हाला माहीत आहे का, हेही विचारते, रागावू नका.

आईने येताना एक मात्तारेल्लो आणलंय, सगळ्यात लहान मिळालं ते, तरी बॅगेत तिरपं ठेवावं लागलं. मागच्या रविवारी आमच्या सोसायटीतल्या दोन मुली आल्या होत्या, पास्ता शिकवा म्हणून. आई म्हणाली पास्ता शिकवेन, पण आधी घडीची पोळी. चार रविवार, माणशी 2000. हा आकडा तिने स्वतः सांगितला, मी शेजारी उभी होते, मी काही बोलले नाही. मुली हो म्हणाल्या. पहिला क्लास येत्या रविवारी सकाळी दहाला आहे, अजून दोन जागा आहेत, यायचं असेल तर मला मेसेज करा. क्लासचं नाव आईच्याच नावाने ठेवलंय, पूर्ण नाव, आडनावासकट.