कॅमिला, मॅडोना, सेलिन डिऑन आणि एक सुतार

व्हॉट्सॲपवर एक मजकूर पुन्हा फिरतोय. त्याचा गोषवारा असा: ब्रिटनची राणी कॅमिला आणि गायिका मॅडोना व सेलिन डिऑन या तिघी रक्ताच्या बहिणी. मूळपुरुष झाकारी क्लुतिए, कॅनडात वसाहत करणारा फ्रेंच उमराव. फ्रान्सच्या राजाने जहाजं भरून 'तसल्या' बायका पाठवल्या, त्यांतली एक त्याची बायको. कीर्ती या घराण्याच्या रक्तातच आहे. वर 'वंशावळ नेटवर आहे, खात्री करून घ्या' अशी मखलाशी.

खात्री करायला गेलं की पहिलं विधान अर्धंमुर्धं टिकतं. तिघीही क्लुतिएच्या वंशातल्या आहेत, हे खरं. मॅडोनाची आई फोर्तिन, म्हणजे फ्रेंच-कॅनेडियन घरातली. कॅमिलाची खापरपणजी सोफिया मॅकनॅब कॅनडातली, आणि धागा लागतो तो सोफियाच्या आईकडून. पण दहा पिढ्या वर चढलं की प्रत्येकाच्या वंशवृक्षात १,०२४ जागा भरायच्या असतात, आणि फ्रेंच अमलात कॅनडात येऊन कायमचे राहिलेले लोक जेमतेम दहा हजार. तीच तीच नावं येणारच. माँट्रियल विद्यापीठाच्या प्रकल्पाने लग्ननोंदी जुळवल्या तेव्हा १८०० पर्यंत एकट्या क्लुतिएचे १०,८५० वंशज निघाले. या हिशेबाने कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्वेबेकमधला बसड्रायव्हरही बहुधा कॅमिलाचा 'भाऊ' लागेल.

उमरावाची गोष्ट तर साफ खोटी. क्लुतिए फ्रान्सच्या पेर्श प्रांतातल्या मोर्तान्यचा सुतार. १४ मार्च १६३४ रोजी त्याने आणि झाँ गियों नावाच्या गवंड्याने रोबेर जिफार या जमीनदाराशी करार केला आणि दोघं क्वेबेक शहराजवळ बोपोरला आले. क्लुतिएला लिहिता येत नव्हतं. कागदावर सही म्हणून तो कुऱ्हाड काढायचा. त्याची मुलगी ॲन जेमतेम दहा वर्षांची असताना, २७ जुलै १६३६ ला तिचा विवाहकरार झाला. तो लिहून काढला गवंडी गियोंने. कॅनडातला टिकून राहिलेला हा सर्वांत जुना विवाहकरार.

आता उमराव म्हणवणाऱ्याचं वागणं बघा. जिफार त्यांचा जमीनदार, त्याला रीतसर मानवंदना द्यायची होती. क्लुतिए आणि गियों दोघंही अडून बसले. प्रकरण गव्हर्नर मोंमान्यीपर्यंत गेलं आणि निकाल जिफारच्या बाजूने लागला. १६४६ च्या जुलैत गियों जिफारच्या वाड्याच्या दारात गेला, उघड्या डोक्याने, तलवार न लावता गुडघ्यांवर बसला आणि तीनदा 'मस्यू द बोपोर' (बोपोरचे धनी) म्हणून आपली निष्ठा सांगितली. क्लुतिए पुढे बोपोर सोडून शातो-रिशेला गेला आणि १६७७ मध्ये तिथेच वारला. (मला हा हट्टी म्हातारा कुठल्याही उमरावापेक्षा जास्त आवडतो, ते सोडा.)

'तसल्या बायकां'चं थोडक्यात. राजाच्या खर्चाने मुली पाठवल्या गेल्या त्या १६६३ ते १६७३ मध्ये. क्लुतिएने सँत द्युपाँशी लग्न केलं ते १६१६ मध्ये, मोर्तान्यलाच. शिवाय त्या सुमारे ७७० मुली बहुतेक गरीब किंवा पोरक्या होत्या, वेश्या नव्हत्या. ही बदनामी लाओंताँ नावाच्या प्रवाशाने १७०३ च्या पुस्तकात केली आणि ती आजतागायत चिकटून आहे.

रक्तातल्या कीर्तीबद्दल: दहा पिढ्यांपूर्वीच्या एका पूर्वजाकडून आपल्या जनुकांचा सरासरी हजारावा हिस्सा वाट्याला येतो, आणि कित्येकांना तेवढाही नाही. त्यात गळा कुठे बसवणार?

राहिली नेटवरची वंशावळ. आपल्याकडच्या बऱ्याच कुलवृत्तांतांत मुली सासरी गेल्या की त्यांची फांदी संपते. क्वेबेकच्या चर्चच्या वह्यांत बाई मरेपर्यंत माहेरच्या आडनावाने नोंदली जाते आणि लग्ननोंदीत सहसा दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं असतात. म्हणून तिथे आईकडूनही मागे जाता येतं. नुसतं आडनाव धरून गेलो असतो तर या तिघींपैकी एकही क्लुतिएपर्यंत पोचली नसती. मात्र १४ जून १६४० ला क्वेबेक शहरातलं चर्च जळालं, वह्याही गेल्या, आणि पाद्रींनी लोकांच्या आठवणींवरून नोंदी पुन्हा लिहिल्या. त्यामुळे त्याआधीच्या क्वेबेकमधल्या बाप्तिस्म्याची वा लग्नाची तारीख पाहून हुरळून जाऊ नये. विवाहकरारासारखा त्या काळचा दुसरा कागद सापडला तर ती त्याच्याशी ताडून घ्यावी. हे करायला मजकूर फॉरवर्ड करण्यापेक्षा थोडा वेळ जास्त लागतो.