मार्गाची दिशा उलटी असावी

लेखात दोघांच्या हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्याच्या सहलीसाठी मनालीहून एका दिवसात तिथले मुख्य गाव काझा गाठण्याचा बेत सुचवला आहे. त्यात मुक्कामाचा खर्च वाचत असला, तरी मला तो पटला नाही. मनाली सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे आणि त्याच दिवशी साडेचार हजार मीटरच्या कुंझुम खिंडीतून जावे लागते, त्यामुळे विरळ हवेची सवय होण्याआधीच डोकेदुखी व मळमळ सुरू होण्याची शक्यता बरीच असते. त्याऐवजी सिमल्याहून निघून वाटेतल्या कल्पा, नाको, ताबो या गावांत मुक्काम करत गेल्यास उंची टप्प्याटप्प्याने वाढते, आणि ताबोचा इसवी सन ९९६ मधील मठही निवांत पाहता येतो. परतताना कुंझुममार्गे मनालीला उतरावे. मात्र ही खिंड हिवाळ्यात बंद असते. जास्तीचे दोन-तीन मुक्काम साध्या होमस्टेमध्ये केले, तर खिशाला फारसा भार पडत नाही. खरी बचत पुण्या-मुंबईहून स्वतःची गाडी न नेण्यात आहे, कारण दोघांसाठी एवढे इंधन आणि टोल परवडत नाहीत. चंदीगडपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे गाडी भाड्याने घ्यावी. काझ्यातून निघताना टाकी पूर्ण भरावी आणि जवळ पुरेशी रोख रक्कम ठेवावी.